चोरून अभ्यास होत नाही, ताई

दाभोळ खाडीच्या पट्ट्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, थोडक्यात हकिगत सांगते.

ताईंचं वय ४०. मिस्टर बोटीवर तांडेल आहेत, घरात सासूबाई, मुलगी नववीत आणि मुलगा सहावीत. ताईंची शाळा नववीच्या मध्यातच सुटली, कारण हायस्कूल खाडीपलीकडे, वडील अंथरुणाला खिळलेले आणि रोज होडीचे पैसे कुठून आणायचे. पुढे लग्न जमवताना मामांनी मुलाकडच्यांना "मुलगी दहावी पास आहे" असं ठोकून दिलं. ताई तेव्हा गप्प बसल्या आणि २१ वर्षं झाली तरी गप्पच आहेत. सासरी सगळे त्यांना दहावी पास समजतात, मुलगीसुद्धा. बचत गटाची वही त्याच लिहितात. आता त्यांना वाटतंय की मुलगी दहावीला बसायच्या आत आपण गुपचूप १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरून पास होऊन टाकावं, म्हणजे जे खोटं होतं ते खरं होईल आणि कुणाला कळणार पण नाही. परीक्षेपुरतं मुंबईला भावाकडे जायचा विचार आहे. पास झाल्यावर अंगणवाडीत लागता येईल अशी आशा आहे. भीती तीन गोष्टींची लिहिली आहे: गणित, "या वयात डोक्यात काही राहत नाही", आणि घरी कळलं तर काय. शेवटी एक छोटा प्रश्न पण आहे, "एवढ्या लहान मुलांमध्ये मी बेंचवर कशी बसू?"

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं हे परीक्षेबद्दल आहे, तिसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की चार पानांत परीक्षेबद्दल जेमतेम एक पान आहे आणि बाकीची तीन पानं कुणाला कळू नये म्हणून काय काय करता येईल यावर आहेत. पुस्तकं कुठे ठेवायची, मुंबईला जायचं कारण काय सांगायचं, फोनवर बोर्डाचा मेसेज आला आणि मुलीने बघितला तर काय. एवढं सगळं डोक्यात घेऊन बीजगणित करायचं म्हणजे डोक्यावर पाटी, कडेवर पोर आणि वर गुडघाभर चिखलातून चालायचं.

मी ३१ वर्षं हायस्कूलवर शिकवलं, दहावीच्या परीक्षेला सुपरव्हिजन किती केलं त्याचा हिशोब नाही. एक प्रसंग सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा असेल, आमच्या केंद्रावर १७ नंबरच्या एक बाई होत्या, तुमच्याच वयाच्या. भूमितीचा पेपर होता, त्या दहा-बारा मिनिटं उशिरा आल्या, धापा टाकत. हातात कापडी पिशवी, ती त्यांनी वर्गाबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि बसल्या. चांगलं लिहीत होत्या, मी मागून जाताना बघितलं, पायथागोरसची सिद्धता नीट पायरी-पायरीने उतरवत होत्या. आणि पेपर संपायला अर्धा तास असताना उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या बाई पेपर घ्या. मी म्हटलं अहो वेळ आहे अजून, रचनेचा प्रश्न राहिलाय तुमचा. तर अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "घरी बाजाराला जाते सांगून आलेय, मासळी संपायच्या आत घेऊन जायला हवी, नाहीतर विचारतील इतका वेळ कुठे होतीस." आणि गेल्या. त्यांना भूमिती येत होती हो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तो विषय राहिला त्यांचा. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये व्हायची, त्या ऑक्टोबरला आल्या नाहीत आणि का आल्या नाहीत ते मला कधी कळलं नाही. तेव्हा मी त्यांच्या मागे जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते, बोलले नाही, ते अजून मनात आहे. म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय.

दहावी ही काही हुशारीची परीक्षा नाही, ती वेळेची परीक्षा आहे, रोजचे दोन तास सलग सहा-आठ महिने कुठून आणायचे याची. आणि चोरून करायचं ठरवलं की सगळ्यात आधी तेच दोन तास चोरीला जातात. उघड केलं तर सासूबाई म्हणतील "बस तू, भाकरी मी टाकते", निदान म्हणण्याची शक्यता तरी आहे. लपवलं तर त्यांनी हाक मारली की पुस्तक उशीखाली जाणार आणि तुम्ही चुलीपाशी.

आता तुम्ही धरून चाललेल्या काही गोष्टी आहेत त्यांच्याकडे जरा बघूया. तुमच्यासारखी पत्रं मला वर्षातून पाच-सहा तरी येतात, त्यात पुरुष पण असतात, रिक्षावाले, खलाशी, आंबा बागेत राखणीला असलेले, त्यांनाही याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट, लाज. कोकण बोर्डाचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला असतो, २०२४ ला ९९.०१ टक्के लागला, २०२५ ला ९८.८२. आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटायलाच पाहिजे, पण याची दुसरी बाजू मी जवळून बघितलीये. जिथे शंभरातली नव्याण्णव मुलं पास होतात तिथे जो दहावी झाला नाही त्याला वाटतं की अख्ख्या कोकणात मीच एकटा राहिलो. पण ताई, ते शंभर कोण? जे परीक्षेला बसले ते. जी नववीत होडीचे पैसे नाहीत म्हणून घरी राहिली ती त्या शंभरात कधी मोजलीच गेली नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली, तुम्ही त्याच्या आधीच शाळा सोडली होती. तुमच्या वर्गातल्या अजून किती जणी अशाच थांबल्या ते आठवून बघा, मला वाटतं एका हाताची बोटं पुरणार नाहीत. तुम्ही नापास झाला नाहीत, तुम्ही बसलाच नाहीत.

दुसरी गोष्ट, वय. आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, ते लहान असताना परीक्षा द्यायला मुरूडहून साताऱ्यापर्यंत भर पावसात घाट चढून चालत गेले होते आणि तिथे साहेबाने "वयाने लहान दिसतोस" म्हणून परत पाठवलं. मॅट्रिक झाले ते १८८१ ला, तेव्हा २३ वर्षांचे होते. आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, देवरुखच्या, लहानपणी विधवा झालेल्या, त्या मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेल्या तेव्हा विशी ओलांडलेली होती, त्या काळात ते वय म्हणजे आजी व्हायच्या तयारीचं. कुणाला वय कमी म्हणून नडलं, कुणाला जास्त म्हणून. १७ नंबरच्या फॉर्मला कमीत कमी वयाची अट आहे, चौदा पूर्ण. जास्तीत जास्तची अटच नाही.

"डोक्यात काही राहत नाही" हे तुम्ही लिहिलंय त्यावर एक विचारते, रागावू नका. शेवटचे डोळे कधी तपासलेत? मला हसण्यावारी न्यायचं नाहीये, अगदी मनापासून विचारतेय. चाळिशीला जवळचं दिसायला त्रास सुरू होतो, अक्षर पुसट दिसतं, दहा मिनिटांत डोकं जड होतं, मग माणूस म्हणतो माझी आता बुद्धी चालत नाही. चष्मा लागला की अर्ध्या जणांची बुद्धी परत येते. ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणी होते, पुस्तक उघडायच्या आधी तिथे जाऊन या.

तिसरी गोष्ट अंगणवाडीची, आणि इथे मला तुम्हाला थोडं दुखवावं लागणार आहे. २०२३ पासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस दोन्हीसाठी किमान बारावी पास लागते आणि वयाची अट ३५ पर्यंतची आहे, विधवा बायकांना ४० पर्यंत. म्हणजे दहावी झाली तरी ती वाट तुमच्यासाठी उघडत नाही. कुणीतरी तुम्हाला अर्धवट माहिती दिलीय आणि हे तुम्हाला परीक्षा झाल्यावर कळलं असतं तर फार वाईट वाटलं असतं, म्हणून आत्ताच सांगते. दुसरं एक, धंद्यासाठी कर्ज हवं असेल तर त्याला दहावी लागतेच असं नाही, पंतप्रधान रोजगार निर्मितीच्या योजनेत मोठ्या रकमेच्या प्रकल्पाला पण आठवी पासची अट आहे आणि आठवी तुमची झालेली आहे. सुकटीचा, पापडाचा, घरगुती खानावळीचा विचार असेल तर त्यासाठी परीक्षेची वाट बघत थांबू नका.

मग नोकरी नाही तर परीक्षा कशाला, असं वाटेल. पण तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही लिहिता लिहिता सहज लिहून गेलात, "गटाच्या मीटिंगला बँकेचे साहेब येतात तेव्हा शिक्षण विचारतील म्हणून मी मागच्या रांगेत बसते." वही तुम्ही लिहिता, हिशोब तुमचा, आणि बसता मागे. मला विचाराल तर एवढं कारण पुरेसं आहे.

आता गणित. तुम्ही म्हणता गणिताची भीती वाटते, आणि वही पण तुम्हीच लिहिता, तर हे मला पटत नाही. दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढी नावाचा धडा आहे, नावाला घाबरू नका. समजा गटात एका बाईने पहिल्या महिन्याला १०० रुपये भरले आणि दर महिन्याला आधीच्यापेक्षा २० वाढवत गेली, १००, १२०, १४० असं, तर बाराव्या महिन्याला किती भरेल? अकरा वेळा वीस वाढले, २२०, अधिक १००, म्हणजे ३२०. आणि वर्षाचे एकूण किती? पहिला आणि शेवटचा मिळवा, १०० आणि ३२०, झाले ४२०. दुसरा आणि शेवटून दुसरा मिळवा, १२० आणि ३००, परत ४२०. अशा सहा जोड्या, सहा गुणिले ४२०, २५२० रुपये. झाला धडा, पुस्तकात हेच अक्षरं वापरून लिहिलंय एवढंच. त्याच पुस्तकात अर्थनियोजनाचा धडा आहे, त्यात जीएसटी, शेअर्स. संभाव्यता आहे, सांख्यिकी आहे. बीजगणिताचे सगळे मिळून सहा धडे, भूमितीचे सात. भूमितीला वेळ लागेल ते खरंय, पण सुरुवात बीजगणितापासून करा आणि सांख्यिकी, संभाव्यता आधी घ्या, ते हिशोब येणाऱ्या माणसाला पटकन जमतं.

मार्ग कोणकोणते आहेत ते सांगते, कारण यात लोकांची फार फसगत होते.

एक म्हणजे राज्य बोर्डाचा १७ नंबर. पाचवी पास असेल तर खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. फॉर्म ऑनलाइन बोर्डाच्या वेबसाइटवर, साधारण पावसाळ्यात निघतो, उशीर झाला तर लेट फी. नोंदणीची फी हजार-अकराशेच्या घरात आणि परीक्षा फी वेगळी, त्या वर्षीचा आकडा शाळेत विचारून घ्या. एक संपर्क केंद्राची शाळा मिळते, रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांचं विभागीय मंडळ रत्नागिरीला आहे. विषय सहा, मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, प्रत्येकाला शंभर गुण आणि पासिंग ३५. लेखी ऐंशीची, आणि वीस गुण तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिक याचे असतात. हे वीस लोक सोडून देतात, "मी बाहेरून बसलोय मला कुठे लागतंय" म्हणून, असं करू नका, शाळा बोलावेल त्या दिवशी जा. आणि भाषेचे पेपर आता पूर्वीसारखे नाहीत, कृतिपत्रिका असते, उतारा दिलेला असतो आणि बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या उताऱ्यातच असतात, तेव्हा पाठांतराची भीती काढून टाका.

दुसरा मार्ग एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था. केंद्र सरकारची आहे आणि तिचं सर्टिफिकेट इतर बोर्डांच्या बरोबरीचं धरतात. इथे पाच विषय पुरतात, एक तरी भाषा हवी, बाकी तुमच्या आवडीचे, आणि गणित घेतलंच पाहिजे असं नाही. पासिंग ३३. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. प्रवेश घेतला की पाच वर्षं आणि नऊ संधी, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, दोन आत्ता दोन नंतर असं चालतं. दहावीला मराठी माध्यम आहे पण प्रत्येक विषय मराठीत मिळेलच असं नाही, ते आधी बघून घ्या आणि अभ्यासकेंद्र तुमच्यापासून किती लांब पडतं ते पण.

जे चौथी-पाचवीतच थांबलेत त्यांच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

या तिन्ही सोडून कुणी "थेट दहावी पास करून देतो, परीक्षेला बसायला नको, महिन्यात मार्कशीट हातात" म्हणाला तर तिथून उठून या. बोर्डाचं नाव मोठं इंग्रजी असतं, ऑफिसात एसी असतो, आणि वीस-पंचवीस हजार घेऊन जो कागद देतात तो पुढे कुठेही चालत नाही. माझ्या ओळखीतल्या दोन मुलांचं असं झालंय. नोकरीच्या पडताळणीत कागद खोटा निघाला आणि नोकरी पण गेली.

तुमच्यासाठी मला १७ नंबर बरा वाटतो. कारण अगदी साधं आहे, पुस्तकं घरात येणारच आहेत मुलीसाठी, आणि बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट पण उतरवता येतात. शिवाय तुम्हाला हिशोब येतो, गणित टाळण्यासाठी मार्ग बदलायची गरज नाही. इंग्रजीचं मात्र प्रामाणिकपणे तपासा, मुलाचं सहावीचं इंग्रजीचं पुस्तक घ्या आणि एक पान मोठ्याने वाचा, अर्थ लागतोय का बघा. अजिबातच लागत नसेल तर एनआयओएसचा विचार करा, तिथे भाषा मराठी घेता येते.

आणि मुलीच्या आधी पास व्हायची घाई सोडा. माझं स्पष्ट मत आहे की तिच्या नंतरच्या वर्षी बसा. सोबत बसणं पेपरात फोटोला छान दिसतं, आई-मुलगी दोघी पेढा भरवतायत, पण मी घरं बघितलीत. मुलीची दहावी असते त्या वर्षी आई स्वतःचं पुस्तक बाजूला ठेवून तिला दूध नेऊन देते, तिच्या खोलीत आवाज नको म्हणून टीव्ही बंद करते, तिचा क्लास, तिचा डबा, आणि स्वतःचा अभ्यास रात्री अकराला, डोळे मिटताना. वर निकालाच्या दिवशी नातेवाईक दोघींचे टक्के शेजारी ठेवून बघणार. तिचं वर्ष तिला मिळू दे. तुम्ही आत्तापासून तिची आठवी-नववीची पुस्तकं वाचायला घ्या, पुढच्या वर्षी ती दहावीत असताना तिच्या वह्या चाळा, आणि तिची परीक्षा झाली की तीच तुमची मास्तरीण, सगळं ताजं असेल तिचं. कुणाला नोकरीच्या ठिकाणी तातडीने कागद हवा असेल तर गोष्ट वेगळी, तुमचं तसं नाही.

पण हे सगळं घरी कळल्याशिवाय होत नाही, म्हणून परत तिकडेच येते.

मिस्टरांना आधी सांगा, एकटं असताना. तुम्ही लिहिलंय माणूस शांत आहे, कधी वर हात केला नाही, फक्त "खोटं बोललीस" म्हणेल याची भीती. कदाचित म्हणेल. ते खोटं मामांचं होतं हे खरं, पण २१ वर्षं तुम्ही ते राखलंत, तेव्हा त्यांना वाईट वाटलं तर तो त्यांचा हक्क आहे, दोन दिवस बोलले नाहीत तर बोलू नका, घाबरून सारवासारव करू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै, बोट वर ओढलेली, जाळी शिवायला ओटीवर बसलेले असतील तेव्हा शेजारी बसून सांगा. "मी दहावी नाही झाले, मला व्हायचंय." एवढंच वाक्य. मामाचं, वडिलांच्या आजारपणाचं, होडीचं सगळं नंतर, त्यांनी विचारलं तर. आणि सोबत मागायचं ते पण मागून टाका, पहाटेचा एक तास आणि रात्रीचा एक तास मला कुणी हाक मारायची नाही.

असंही होऊ शकतं की त्यांना आधीपासून माहिती असेल. लहान गाव आहे, खाडीच्या दोन्ही तीरांवर सोयरीक असते, अशा गोष्टी बायकांपेक्षा पुरुषांना आधी कळतात आणि ते बोलत नाहीत. मी खात्रीने म्हणत नाही, पण तसं निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

(ज्यांच्या घरी हे सांगितल्यावर मारहाण होईल अशी परिस्थिती आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी आधी स्वतःची सुरक्षितता बघायची, १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, माहेरचं किंवा विश्वासातलं एक माणूस सोबत घ्यायचं, परीक्षा नंतर.)

मुलीला मग सांगा. तिला लाज वाटेल असं तुम्ही धरून चाललाय. पंधरा वर्षांच्या मुलीला पहिले दोन दिवस वाटेलही, मैत्रिणींना कळू नये असं वाटेल, ते तिचं वय आहे. पण तुम्ही आत्ता दोन वर्षं तिच्यापासून पुस्तक लपवणार आणि एक दिवस तिला उशीखाली तिचंच भूमितीचं पुस्तक सापडणार, ते जास्त वाईट. तिच्याकडून शिकून घ्या, खरंच शिकून घ्या, समीकरण तिला समजावून सांगायला लावा. दुसऱ्याला समजावताना तिचं पण पक्कं होईल, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. सासूबाईंना मिस्टरांनी सांगू दे.

मुंबईचं सोडून द्या. महिनाभर घर टाकून भावाकडे राहणं, अनोळखी केंद्र, लोकलची गर्दी, आणि खोट्यावर अजून एक खोटं. आपल्या तालुक्यातल्या केंद्रावर बसा.

दाखल्याचं काम मात्र आजच सुरू करा, त्यालाच सगळ्यात वेळ लागतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जायच्या आधी आधार कार्ड, पासपोर्ट साइज फोटो बरोबर घ्या. दाखल्यावर तुमचं माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं, फॉर्म भरताना दाखल्यावरचंच नाव, त्याच स्पेलिंगसकट, आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला जवळ ठेवा, नाव जुळवून दाखवायला पुढे कामाला येतो. जन्मतारीख पण बघा. आपल्याकडे त्या काळी गुरुजी खूप मुलांची तारीख १ जून लावून टाकायचे, आधारला दुसरीच असते, फरक असेल तर फॉर्मच्या आधी शाळेशी बोला, नंतर दुरुस्ती म्हणजे खेपा.

वेळापत्रक कॅलेंडरवरून काढू नका, आपल्या कामावरून काढा. जून-जुलै चांगला, पाऊस असतो, कुणाचं येणंजाणं नाही, फक्त लाइट जाते तेव्हा चार्जिंगचा दिवा घेऊन ठेवा. गणपतीत दहा-बारा दिवस अभ्यास होणार नाही, चाकरमानी आलेले असतात, तेव्हा होत नाही म्हणून रडायचं नाही, ते दिवस धरायचेच नाहीत. मग भातकापणी. खरा अभ्यास दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, रोज दोन तास आणि त्यातला निम्मा वेळ लिहून. लिहून हे फार महत्त्वाचं आहे ताई, मोठ्या माणसांना येत असतं पण हात चालत नाही, ऐंशी मार्कांचा पेपर तीन तासांचा असतो आणि २५ वर्षं कुणी सलग तीन तास लिहिलेलं नसतं, मनगट धरतं, बोटं आखडतात. रोज दोन पानं, महिन्याने चार, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. २०२५ पासून बोर्ड दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू करतंय, मार्चच्या मध्यापर्यंत चालते, म्हणजे शिमगा बहुतेक मध्येच येणार. तुमच्या दारी पालखी यायची त्याच दिवशी विज्ञानाचा पेपर असू शकतो. हे घरात आणि भावकीत आधीच बोलून ठेवा, ओटी भरायला जाऊबाई असतील, ग्रामदेवतेला तुम्ही कुठे गेलात ते माहिती असतंच.

एखादा विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते, वर्ष वाया जात नाही. आणि दहावी झाल्यावर पुढे वाटलं तर बारावीचा १७ नंबर दोन वर्षांच्या अंतराने भरता येतो.

आता बेंचचा प्रश्न. बैठक क्रमांक बेंचवर चिकटवलेला असतो, तो शोधायचा आणि बसायचं. बाहेरून बसणाऱ्यांचे नंबर बरेचदा जवळजवळ असतात, तुम्हाला तुमच्या वयाचं अजून कुणीतरी दिसेल. मुलं पहिल्या दिवशी बघतात, त्यांना वाटतं या सुपरव्हिजनला आल्यात, दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या टेन्शनमध्ये असतात, कुणी कुणाकडे बघत नाही. बेंच लहान असतो, गुडघे लागतात, साडीपेक्षा ड्रेस सोयीचा पडेल. पॅड, दोन पेनं, कंपास, पाण्याची बाटली आणि चष्मा. चष्मा विसरू नका. आणि शेवटची घंटा होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही, लिहून झालं तरी बसून राहायचं, परत वाचायचं, काहीतरी सापडतं. त्या दिवशी मासळी दुसरं कुणीतरी आणेल.

दाखला हातात आला की मला एक ओळ लिहा.